रायडिंग मोअरच्या इंजिनवरची पुली गंजून शाफ्टला धरून बसलीये, कशी काढू?

हिरवळवाला

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय, मदत पाहिजे. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे, उभ्या शाफ्टचं सिंगल सिलिंडर इंजिन, आणि इंजिनच्या खाली क्रँकशाफ्टवर जी दोन खाचांची पुली असते (वरची खाच गिअरबॉक्सच्या बेल्टची, खालची डेकच्या, म्हणजे पात्यांच्या भागाच्या, बेल्टची) ती काढायची आहे. मशीन बरेच दिवस ओलसर जागेत पडून होतं, पुलीच्या खाचा आतून खड्डे पडून खडबडीत झाल्यात आणि नवीन बेल्ट टाकला की थोड्याच वेळात त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, म्हणून पुलीच बदलायची ठरवलं.

मधला बोल्ट इम्पॅक्ट गनने निघाला, तिथे काही त्रास झाला नाही. पण पुली शाफ्टवरून केसभरही हलत नाही. डब्ल्यूडी-४० मारून बघितलं. दोन पायांचा पुलर लावला तर त्याचे पाय पुलीच्या बाहेरच्या कडेलाच बसतात आणि थोडं आवळल्यावर कडा वाकायला लागल्यासारखी वाटली म्हणून लगेच सोडून दिलं. आता कोणी म्हणतं तापव, कोणी म्हणतं खालून शाफ्टवर घण घाल, कोणी म्हणतं पहारीने उचकट. इंजिन चांगलं आहे, पहिल्या झटक्यात चालू होतं, त्यामुळे पुलीपायी इंजिनाला धक्का लागू द्यायचा नाहीये. पुली गेली तरी चालेल, नवीन आणलीच आहे. कोणी हे काम नीट केलं असेल तर क्रमाने सांगाल का?

मोअरदुरुस्ती

पहिली गोष्ट, शाफ्टवर घण अजिबात घालू नका, कोणी कितीही सांगू दे. ह्या इंजिनांचं क्रँककेस आणि खालचं सम्पचं (जिथे इंजिन ऑइल साठतं त्या भागाचं) झाकण बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं, शाफ्टला खालून ठोकलं की तो सगळा धक्का क्रँकवरून वरच्या बाजूला केसवर जातो, शिवाय वर फ्लायव्हील टेपरवर बसलेलं असतं त्याला वेगळाच हादरा. आणि शाफ्टचं तोंड फुललं तर पुली निघायची ती कायमची अडकते, कारण तिला त्याच तोंडावरून खाली यायचंय. पहारीचंही तेच, पहार टेकवायला तिथे सम्पशिवाय दुसरं काही नसतं, दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधे चिरलेले सम्प मी बघितलेत आणि ते सगळे असेच चिरलेले असतात.

आता काही प्रश्न. तुमच्या पुलीच्या हबमधे (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागात) सेट स्क्रू आहे का ते बघितलंत का? सगळ्यांना नसतो, पण असला तर गंज आणि मातीच्या थराखाली बिलकुल दिसत नाही. वायर ब्रशने हब सगळीकडून घासा आणि टॉर्चच्या उजेडात गोल फिरवून बघा, ॲलन कीचं छोटं भोक सापडलं तर आधी तो स्क्रू काढायचा, तो आत असताना कितीही ओढलं तरी शाफ्टवर ओरखडे पडण्यापलीकडे काही होणार नाही. दुसरं, पुलीच्या खाली इलेक्ट्रिक क्लच होता का, का बोल्टच्या मागे लगेच पुली? तिसरं, बोल्टसोबत काय काय निघालं, जाड वायसर, स्प्रिंग वायसर, स्लीव्ह, ते कुठल्या क्रमाने होतं ह्याचा फोटो काढून ठेवा.

आणि खाली हात घालायच्या आधी प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुली फिरवताना इंजिनही फिरतं, हे लोक विसरतात.

जुनाफिटर

हिरवळवाला भाऊ, कडा वाकतेय दिसल्यावर थांबलात हे चांगलं केलंत. ह्या पुल्या पत्र्याच्या दाबून केलेल्या असतात, दोन वाट्या पाठीला पाठ लावून मधे एक हब वेल्ड केलेला किंवा दाबून बसवलेला. गंजाने जे धरलंय ते हबच्या आत, शाफ्टवर. म्हणजे ओढायचंय हबला, आणि तुमचा पुलर ओढतोय पत्र्याला. पत्रा वाकणार आणि हब जागच्या जागी राहणार. पुली फेकायचीच असली तरी हे लक्षात ठेवा, कारण पत्रा एकदा हबपासून सुटला की मग धरायलाच काही उरत नाही.

म्हणून हबच्या मागे, म्हणजे पुली आणि सम्प ह्यांच्या मधे, काहीतरी चपटं सरकवून तिथून ओढायचं. बेअरिंग स्प्लिटर मिळाला तर सगळ्यात उत्तम, त्याचे दोन अर्धे भाग शाफ्टच्या दोन्ही बाजूंनी आत घालून हबच्या पाठीला टेकवायचे आणि मग लांब बोल्ट लावून पुलरच्या आडव्या पट्टीने ओढायचं. ह्यात मोठा फायदा हा की सगळा जोर पुली आणि शाफ्ट ह्या दोघांतच फिरतो, पुलरचा मधला स्क्रू शाफ्टला वर रेटतो आणि तेवढ्याच जोराने पुली खाली ओढली जाते, त्यामुळे सम्पवर, बेअरिंगवर, कुठेच भार येत नाही. पहारीत आणि घणात हेच होत नाही, तिथे भार इंजिनाच्या पोटात जातो.

आता मधल्या स्क्रूचं टोक कुठे टेकवायचं. थेट शाफ्टच्या भोकात टेकवलं तर तोंडाचे आटे चेपतात आणि मग नवीन पुलीचा बोल्ट लागत नाही, पुली काढायच्या आनंदात हे मागून कळतं. त्यासाठी पुलीचा बोल्ट वायसर न घालता परत शाफ्टमधे लावायचा, डोकं शाफ्टच्या तोंडाला पूर्ण टेकेपर्यंत. १ इंची शाफ्टला बहुतेक वेळा ७/१६ इंची बोल्ट असतो, इंचाला २० आट्यांचा, त्याचं डोकं ५/८ पान्याचं, म्हणजे साधारण १६ मिमी, कोपऱ्यात मोजलं तर १८ च्या आसपास. पुलीचं भोक २५.४ मिमी. म्हणजे पुली त्या डोक्यावरून आरामात खाली येते आणि पुलरचं टोक डोक्यावर टेकतं. डोकं शाफ्टच्या तोंडाला नीट टेकलेलं पाहिजे हे महत्त्वाचं, तरच भार तोंडावर जातो, अधांतरी राहिलं तर सगळा भार आट्यांवर. मूळ बोल्ट पुली आणि वायसर धरून लांबीचा असतो त्यामुळे तो आधीच तळाला टेकू शकतो, तसं झालं तर त्याच आट्यांचा आखूड बोल्ट घ्या किंवा जुना एखादा कापून घ्या. डोक्यावर मधे पंचने छोटा खड्डा पाडा म्हणजे पुलरचं टोक घसरणार नाही.

आणि तेल. उभ्या शाफ्टला खालून तेल मारून उपयोग नाही, ते परत तुमच्या तोंडावरच येतं. गंज सोडवायचं तेल हबच्या वरच्या बाजूने, पुली आणि सम्पच्या मधल्या फटीतून, बारीक नळीने शाफ्टलगत सोडायचं म्हणजे ते आपल्या वजनाने खाली उतरतं. साधा डब्ल्यूडी-४० ओलावा घालवायला ठीक आहे पण अशा कामाला खास गंज सोडवायचं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं ते वापरा. सकाळ संध्याकाळ थोडं थोडं सोडत राहा, आणि प्रत्येक वेळी तेल सोडल्यावर हबला बाजूने हातोडीने टकटक करा, समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा धरून. मारायचं नाही, थरथरवायचं. गंजाला जागा मूळ लोखंडापेक्षा दुप्पट किंवा जास्तच लागते, म्हणून तो त्या फटीत फुगून घट्ट बसलेला असतो, त्या थरथरीने त्याला बारीक चिरा जातात आणि तेल आत शिरतं.

लालनिळीज्योत

एवढं सगळं कशाला, गॅसची टॉर्च घ्या, हब तापवा, निघते. हिशोब करून बघा, पोलाद दर डिग्रीला दर मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. २५.४ चं भोक, हब शाफ्टपेक्षा १५० डिग्रीने जास्त गरम झाला तर भोक साधारण ०.०४५ मिमीने मोठं होतं. ऐकायला कमी वाटतं पण ह्या पुल्या मुळात हाताने सरकतील अशाच फिट असतात, दाबून बसवलेल्या नसतात, त्यामुळे गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. हब लवकर लवकर तापवायचा म्हणजे आतल्या शाफ्टला तापायला वेळच मिळत नाही, ज्योत हबवरच गोल फिरवत ठेवायची, शाफ्टवर नाही. मी तर आधी तापवतो आणि मग पुलर लावतो.

वेल्डरताई

तापवायला माझा विरोध नाही, रोजचंच काम आहे माझं, पण ह्या जागेवर तापवायच्या आधी तीन गोष्टी बघाव्या लागतात आणि लालनिळीज्योत दादांनी त्यातली एकही लिहिली नाही, म्हणून लिहिते.

पेट्रोल. मशीन पुढून उचललेलं असणार, टाकीच्या झाकणातून किंवा कार्बोरेटरमधून थेंब थेंब गळत असलं तरी वाफ खाली साचते आणि तुम्ही खालीच ज्योत घेऊन बसणार. टाकी रिकामी करा, काढता येत असेल तर काढून लांब ठेवा, कार्बोरेटरही सुकवा. डेकखालचं वाळलेलं गवत खरवडून काढा, ते कापसासारखं पेट घेतं.

तेल. आदल्या दिवशी मारलेलं पेनिट्रेटिंग ऑइल पेटतं आणि धूरही फार होतो. आधी पुसून घ्या, हवा खेळती ठेवा. आणि ब्रेक क्लीनरने पुसून मग तापवू नका, कृपा करून. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन वायू निघू शकतो, तो विषारी आहे, आणि डब्यावर नीट वाचल्याशिवाय तुमचा डबा क्लोरीनवाला आहे की नाही हे कळत नाही. पुसायला साधं फडकं आणि साबणपाणी, मग पूर्ण वाळवायचं.

सील. पुलीच्या लगेच वर सम्पमधे क्रँकचं ऑइल सील असतं, रबराचं. नेहमीचं नायट्राइल रबर १०० ते १२० डिग्रीच्या पुढे टिकत नाही, कडक होतं आणि मग पुली निघाल्यावर महिन्याभरात तिथून इंजिन ऑइल गळायला लागतं. ज्योत नेहमी खालच्या बाजूने, हबच्या खालच्या अर्ध्या भागावर, वरच्या बाजूला ओल्या फडक्याची घडी किंवा पत्र्याचा तुकडा. लाल होईपर्यंत तापवायची गरज कधीच नसते.

अजून एक, तापवून लगेच ओढलंच पाहिजे असं नाही. तापवून निवू द्या, हात लावता येईल इतपत झालं की परत तेल सोडा, निवताना ते आत खेचलं जातं. नुसत्या तापवण्यापेक्षा हे तापव-निवव-तेल जास्त कामाला येतं असं माझं मत आहे. पुलर आवळलेला असतानाच तापवलं तर सगळ्यात भारी, कारण सुटायचा क्षण आला की पुलर आपोआप ओढून घेतो.

लालनिळीज्योत

ताई सीलचं बरोबर आहे, मान्य. मी बहुतेक वेळा सील नाहीतरी बदलतोच म्हणून लिहिलं नाही. पेट्रोलचं तर सगळ्यांनीच ऐका.

नवीनचआलोय

मधेच विचारतो, ॲसिटोन आणि गिअरचं एटीएफ ऑइल अर्धं अर्धं मिसळून घरी केलेलं मिश्रण विकतच्यापेक्षा चांगलं म्हणतात ते इथे चालेल का?

जुनाफिटर

चालतं, पण ह्या जागेवर मी नाही वापरणार. ॲसिटोन आणि एटीएफ एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, प्रत्येक वेळी हलवावं लागतं नाहीतर नुसतं ॲसिटोनच पडतं. आणि ॲसिटोन रबराला, रंगाला, प्लास्टिकला खातं, वर सील आहे आणि आपण तेल वरूनच सोडतोय. ज्योत तर त्याच्या आसपासही नको. सुटा नटबोल्ट भिजवायचा असेल, टेबलावर, तर खुशाल वापरा.

हिरवळवाला

सगळ्यांचे आभार, एवढं तपशिलात कोणी सांगितलं नव्हतं. हब घासून बघितला, सेट स्क्रू नाहीये. इलेक्ट्रिक क्लचही नाही, डेक लिव्हरने चालू होतो. शाफ्ट व्हर्नियरने मोजला, १ इंचीच आहे, बोल्ट ७/१६ चा.

आता अडचण अशी की पुलीच्या पाठीमागे आणि सम्पच्या मधे जागा खूप कमी आहे, जेमतेम बोट जातं, बाजारातला बेअरिंग स्प्लिटर त्यात बसत नाही, त्याच्या कडा जाड आहेत. इंजिन वर काढून टेबलावर उलटं करून काम करावं असा विचार होता पण फ्रेमचं भोक पुलीपेक्षा लहान आहे, पुली असताना इंजिन वर येतच नाही. आणि एक, पुली हाताने फिरवून बघितली तर शाफ्टवर अगदी किंचित, सुतभरही नाही इतकी, मागेपुढे हलल्यासारखी वाटते. ती चावीमुळे का (पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत असतो तो लोखंडी तुकडा)? हे चांगलं लक्षण आहे का वाईट?

मोअरदुरुस्ती

चांगलं. पुली शाफ्टवर गोल किंचित जरी हलत असेल तर गंजाची पकड सुटायला लागलीये, तेल मुरतंय. आता एकदम ओढायच्या मागे न लागता ती मागेपुढे हलवत राहा, बेल्टच्या पट्ट्याचा पाना (स्ट्रॅप रेंच) पुलीला लावून, आणि शाफ्ट फिरू नये म्हणून वर फ्लायव्हीलला दुसरा स्ट्रॅप रेंच. फ्लायव्हीलच्या पात्यांमधे स्क्रूड्रायव्हर घालून अडवू नका, ती पाती कास्ट असतात, तुटतात, आणि एक तुटलं की फ्लायव्हीलचा तोल गेला. स्ट्रॅप रेंच नसेल तर प्लग काढून पिस्टन वर येत असताना, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी आत सोडायची, दोरीचं टोक बाहेर ठेवायचं, पिस्टन दोरीवर टेकून थांबतो.

दुसरी शक्यता अशी की आधी कधीतरी बोल्ट ढिला होऊन पुली शाफ्टवर खेळत होती आणि चावी पिळवटली आहे. तसं असेल तर चावीची कड हबच्या खाचेत रुतलेली असते आणि सरळ ओढताना तीच अडवते. खालून टॉर्च मारून बघा, शाफ्टची खाच आणि हबची खाच एका रेषेत आहेत का. नसतील तर पुली ज्या बाजूला सरकलीये त्याच्या उलट बाजूला वळवून रेषेत आणा आणि त्याच जागी धरून ओढा.

जुनाफिटर

जागा कमी असेल तर प्लेट स्वतः बनवा, स्प्लिटरची गरज नाही. ८ किंवा १० मिमी जाडीची पोलादी पट्टी घ्या, पुलीपेक्षा दोन्ही बाजूंनी इंचभर बाहेर येईल इतकी लांब. एका बाजूने मधोमध इंग्रजी यू आकाराची खाच कापा, २६ ते २७ मिमी रुंद, शाफ्टभोवती सरकेल अशी. ती पुलीच्या मागे बाजूने सरकवायची, हबच्या पाठीला टेकवायची. प्लेटच्या दोन्ही टोकांना एकेक भोक, त्यातून दोन लांब बोल्ट खाली, आणि खाली तशीच दुसरी पट्टी, तिच्या मधोमध जाड नट वेल्ड करून त्यातून मधला स्क्रू. दोन्ही पट्ट्या समांतर राहतील असे दोन्ही बोल्ट सारखे ठेवा, तिरकं ओढलं की पुली शाफ्टवर अडकते. बोल्ट चांगल्या प्रतीचे घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले, गल्लाभरू नको, आवळलेला बोल्ट तुटला तर तो सरळ चेहऱ्याकडे येतो. चष्मा लावूनच बसा.

१० मिमीची पट्टीही जात नसेल तर जिथे हबला टेकते तेवढाच भाग ग्राइंडरने थोडा पातळ करा, बाकीची जाडी तशीच ठेवा. खाचेची उघडी बाजू जोर आल्यावर फाकते, म्हणून पट्टी रुंद घ्या, शाफ्टच्या मागच्या बाजूला भरपूर धातू उरला पाहिजे.

मग स्क्रू आवळायचा, पण हाताला ठामपणा आला की थांबायचं. ताण देऊन तसंच सोडून द्यायचं, तेल सोडायचं, हबला बाजूने टकटक, परत अर्धा आटा. रात्रभर ताणात ठेवलेली पुली सकाळी आपली आपण सुटून खाली आलेली असते असं बऱ्याचदा होतं. जो माणूस एकाच बैठकीत काढायला बघतो तो काहीतरी मोडतो. ताणात असताना स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने ठोकायचा सल्लाही मिळेल तुम्हाला, मोठ्या गिअरच्या कामात ते करतात, इथे मी हलक्या टिचक्यांपलीकडे नाही जाणार, कारण तो ठोका परत क्रँकलाच लागतो. हबवर बाजूने मारा, पाहिजे तेवढा वेळ.

मशीन उचलताना जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका, फ्रेमखाली स्टँड द्या, मागची चाकं अडवा. उभंच करणार असाल तर आधी टाकी रिकामी, बॅटरी बाहेर आणि इंजिन ऑइलही काढून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमधे आणि एअर फिल्टरमधे जातं.

स्पिंडलवाला

माझी अडचण जवळची आहे म्हणून इथेच विचारतो, माझी डेकवरची स्पिंडलची पुली अडकलीये, पात्याच्या वरची. तिलाही हेच सगळं लागू का?

मोअरदुरुस्ती

बरंचसं. तिथे वर नट असतो, बहुतेक डेकवर सरळ आट्यांचा, पण उलट आट्यांचेही असतात म्हणून जोर लावायच्या आधी मॅन्युअलमधे बघून घ्या. पातं लाकडाच्या ठोकळ्याने अडवा, हातमोजे घाला. स्पिंडलची पुली कधी चावीवर कधी चांदणीसारख्या आकाराच्या शाफ्टवर बसते, तिथे वर भरपूर जागा असते त्यामुळे हबखाली प्लेट घालून ओढणं सोपं जातं. ठोकायचंच झालं तर नट शाफ्टच्या तोंडाशी समपातळीत लावून मगच, तेही मऊ हातोड्याने, कारण खालचं हाउसिंग बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं आणि बेअरिंगची वाट लागते. पण खरं सांगायचं तर स्पिंडल इतका गंजलाय म्हणजे बेअरिंगही संपलेली असणार, हाताने फिरवून घरघर ऐकू आली तर पुली सोडवायच्या भानगडीत न पडता अख्खा स्पिंडल असेंब्लीच बदला. इंजिनच्या पुलीत ही सोय नाही, शाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन उघडायचं, म्हणून तिथे एवढं जपायचं.

गिअरबॉक्सच्या पुलीचं मात्र वेगळं असतं, हायड्रोस्टॅटिकवर (तेलाच्या दाबाने चालणाऱ्या गिअरबॉक्सवर) ती छोट्या सर्क्लिपने आणि दात्यांच्या शाफ्टवर बसते, सोबत प्लास्टिकचा पंखा. तिथे हातोडा आणि ज्योत दोन्ही बंद.

वेल्डरताई

हिरवळवाला, प्लेटनेही नाही निघाली तर शेवटचा उपाय कापणं, आणि तुमच्याकडे नवीन पुली आहेच तर त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त कुठे कापायचं ते महत्त्वाचं. हब उभा कापायचा तो बरोबर चावीच्या वर. तिथे हबच्या खाली शाफ्ट नाही, चावी आहे, १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी रुंद. कटिंग डिस्क १ ते १.६ मिमीची असते, त्यामुळे थोडं खोल गेलं तरी चावी कापली जाते, शाफ्ट वाचतो. बाकी कुठेही कापलं तर डिस्क शाफ्टमधे घुसली की कळायच्या आत खाच पडते आणि त्या खाचेतून नवीन पुली लंगडीच बसणार.

आधी पत्र्याच्या वाट्या कापून बाजूला करा म्हणजे हब मोकळा दिसतो आणि डिस्कला जागा मिळते. मग चावीची जागा खालून बघून हबवर खडूने रेघ मारा. पूर्ण आरपार कापायचं नाही, अर्धा पाऊण मिलिमीटर ठेवायचं आणि त्या चिरेत छिन्नी घालून एक ठोका, हब उमलतो आणि पकड सुटते. ठोका बाजूने जातो, शाफ्टच्या लांबीत नाही. ठिणग्या उडणार म्हणून पेट्रोलचं वर लिहिलंय ते सगळं इथेही, आणि सीलवर ओलं फडकं, नाहीतर ग्राइंडिंगची भुकटी सीलच्या ओठात बसते.

हिरवळवाला

निघाली! कापावी लागली नाही. जुनाफिटर काकांनी सांगितल्याप्रमाणे पट्टीची प्लेट केली, हबला टेकणारा भाग थोडा पातळ करावा लागला, बोल्ट आखूड कापून डोकं शाफ्टला टेकवून त्यावर स्क्रू टेकवला. ताण देऊन ठेवत गेलो आणि रोज वरून तेल. नुसत्या ताणाने नाही आली, शेवटी टाकी काढून ठेवली, सगळं पुसलं आणि वेल्डरताईंनी सांगितलं तसं ताणात असतानाच खालून हब तापवला, ओलं फडकं वर ठेवून. थोड्या वेळाने कट्‌ असा मोठा आवाज आला आणि पुली साधारण दोन मिलिमीटर खाली आली, त्यानंतर स्क्रू फिरवत गेलो तशी येत गेली. चावी किंचित पिळलेली होतीच, मोअरदुरुस्ती म्हणाले तशी.

शाफ्टवर तपकिरी पापुद्रे आहेत आणि चावीच्या खाचेच्या एका कडेला थोडी धार उभी राहिलीये. नवीन पुली तोंडाशीच अडते. घासू का, आणि किती घासू? आणि परत असं होऊ नये म्हणून काय लावायचं?

जुनाफिटर

वा, छान झालं. खाचेची उभी राहिलेली धार बारीक कानशीने फक्त शाफ्टच्या गोलाईला मिळेपर्यंत काढा, खाचेच्या आत कानस घालू नका, खाच रुंद झाली की नवीन चावी खेळते. शाफ्टला पॉलिश पेपर पट्टी करून बूट पुसल्यासारखा मागेपुढे, गंज जाऊन चकाकी आली की थांबा, धातू घालवायचा नाहीये. खड्डे राहिले तर राहू देत, उंचवटे नकोत एवढंच. घासताना वर सीलभोवती फडकं गुंडाळा. आणि एकदा सीलची कड बघून घ्या, कडक किंवा चिरलेली वाटली तर आत्ताच बदला, परत पुली काढायला लागू नये.

चावी नवीनच टाका, पिळलेली परत वापरू नका. १/४ इंचाचीच, ६ मिमीची टाकली तर बसेल पण खेळेल. तसंच नवीन पुलीचं भोक मोजून घ्या, २५ मिमीचं असेल तर २५.४ च्या शाफ्टवर जाणारच नाही आणि अडतेय म्हणून ठोकून बसवलीत तर आपण परत पहिल्या पानावर. बरोबर मापाची पुली स्वच्छ शाफ्टवर हाताने सरकली पाहिजे.

लावायचं ते अँटीसीझ कंपाउंड, शाफ्टवर आणि चावीला, अगदी पातळ, बोटाने पसरून पुसल्यासारखं. थापलं तर फिरताना उडून बेल्टवर जातं आणि बेल्ट घसरायला लागतो.

मोअरदुरुस्ती

एक जोडतो. बोल्टच्या आट्यांना अँटीसीझ लावू नका, किंवा लावलंत तर मॅन्युअलमधला टॉर्क तसाच देऊ नका. तो आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, वंगण असलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. आटे कोरडे, स्वच्छ, वायसर काढले होते त्याच क्रमाने, स्प्रिंग वायसर सपाट झाला असेल तर नवीन, आणि टॉर्क रेंचने तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला आकडा. इम्पॅक्ट गनने काढायचं, गनने बसवायचं नाही. तुमची चावी पिळली होती म्हणजे हा बोल्ट आधी कधीतरी ढिलाच होता.

बेल्ट घालायच्या आधी प्लगची टोपी काढलेलीच ठेवून इंजिन हाताने फिरवा आणि पुलीच्या कडेजवळ एखादी स्थिर खूण धरून बघा, कड वरखाली लहरत नाही ना. बेल्ट किपर (बेल्ट पुलीवरून निसटू नये म्हणून असतो तो) परत लावायला विसरू नका, आणि पुलीवर पेनिट्रेटिंग ऑइलचा थेंब राहिला असेल तर पुसून घ्या. पहिल्यांदा गवत कापून झाल्यावर बोल्ट एकदा परत तपासा.

हिरवळवाला

पुली बसली, पॉलिश पेपर मारल्यावर हाताने सरकली. सीलची कड कडक वाटत होती म्हणून तेही नवीन टाकलं. जुना बोल्ट आखूड कापला होता म्हणून नवीन पूर्ण लांबीचा आणला, कोरडाच लावला, टॉर्क रेंचने. बेल्ट उद्या चढवतो. ती पट्टीची प्लेट आणि आखूड बोल्ट जपून ठेवलेत, स्पिंडलवाल्यांना प्लेटची मापं पाहिजे असतील तर सांगा, इथे टाकतो.

स्पिंडलवाला

हो टाका, खाचेची खोली आणि दोन भोकांमधलं अंतर दोन्ही. माझ्या स्पिंडलची बेअरिंग घरघरत नाहीये, फक्त पुलीच अडकलीये, त्यामुळे आधी हेच करून बघतो.